लठ्ठ निघालेली कारवानी

फेब्रुवारीचा पहिला रविवार. सकाळचं पहिलं काम, कुत्रीला अंघोळ घालणे.

घरात कामं कमी नव्हती. हरभरा काढणीला आला होता, बायका सांगून ठेवल्या होत्या, नवरा अंधारातच वावरात गेला होता. मला त्याचा डबा करायचा होता, सासऱ्यांचं ताट झाकून ठेवायचं होतं, आणि मी साडी खोचून अंगणातल्या नळापाशी कुत्रीच्या पाठीवर शाम्पूची पुडी रिकामी करत होते. पाणी गार होतं. कुत्री थरथरत उभी राहिली, पण पळाली नाही. सोसण्याचा दम माझ्यापेक्षा तिच्यात जास्त.

तिचा रंग वाळलेल्या कडब्यासारखा. धुतल्यावर अंग चांगलं निघालं. फक्त हनुवटीखाली आणि ओठांच्या कडेला पिवळे डाग होते, ते काही जाईनात. साबण लावला, घासणीने घासलं. शेवटी तिने मान फिरवली आणि मी नाद सोडला. आमच्या कुरुंद्याच्या भागात घरात काहीही पिवळं दिसलं की ती हळद, असंच डोकं चालतं. पोती पिवळी, उंबरे पिवळे, साड्यांचे काठ पिवळे. कुत्रीची हनुवटी पिवळी असली तर नवल कसलं?

ही अंघोळ प्रदर्शनासाठी होती. हट्ट्याच्या बाजूला एका गावात जत्रेला जोडून जनावरांचं प्रदर्शन भरतं. बैल, वळू, बोकड. यंदा तिथल्या कमिटीने कुत्र्यांचंही ठेवलं होतं. त्याचा कागद कोणीतरी पारावर वाटला, कोणीतरी तो सासऱ्यांना वाचून दाखवला आणि त्यांनी तो उशीखाली घालून ठेवला. एक दिवस मी चहा द्यायला गेले तर कागद पुढे केला.

"कुत्री... घेऊन जा," म्हणाले.

दसऱ्याच्या आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं. पाय काठीवर चालण्याइतका परत आला. हात आला नाही. बोलणं आलं ते असं तुटक. तेव्हापासून त्यांनी चहाशिवाय तोंडाने काही मागितलं नव्हतं. मी रात्री नवऱ्याला कागद दाखवला.

"मी कुठं जाऊ कुत्री घेऊन?"

"आबांनी कधी न्हाई ते काही मागितलं. जा की. फिरणं व्हईल तुजं."

"फिरणं? कुत्री धरून?"

"मग मी जातो, तू हरभरा काढ."

 हरभरा काढण्यापेक्षा कुत्री धरणं हलकं.

ही कुत्री कारवानी. लांब तोंडाची, उंच पायांची, पोट पाठीला लागलेली, पळायला वाऱ्यासारखी. मेंढपाळांकडे असतात तसली. तीन वर्षांमागे आमच्या वावरात मेंढ्या बसवल्या होत्या, तेव्हा सासऱ्यांनी त्या लोकांकडून हे पिल्लू मागून आणलं आणि सगळ्या गावाला सांगत सुटले की हे अस्सल आहे. गावाला अस्सल-नक्कल कळत नाही. गावाला बरगड्या दिसतात. पाण्याला आलेल्या बायका मला विचारायच्या, "काहून हो, कुत्रीला खायला घालत न्हाई का तुमी?" मी सांगून थकले की ही जातच अशी असते. म्हणून या हिवाळ्यात तिच्या बरगड्या झाकल्या गेल्या, पाठ भरली, तेव्हा मला बरंच वाटलं. वय झालं की बायकांचं होतं तसं हिचंही होत असेल, असं मी धरून चालले.

त्याच हिवाळ्यात सासरे वाळत चालले होते.

सदऱ्याच्या बाह्या लोंबायला लागल्या. दाढी करायला येणारा न्हावी म्हणायचा, वस्तरा कुठे टेकवू तेच कळत नाही. आणि ताट मात्र रोज साफ. दोन्ही वेळा भाकरी, वरण, एखादी भाजी, वर तूप. सगळं संपायचं. ताट धुतल्यासारखं परत यायचं. खाल्लेलं अंगी लागत नाही, एवढंच आम्हाला कळत होतं. नांदेडला दाखवलं. साखर तपासली, रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. काही निघेना. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "जेवण कसं आहे?" नवरा म्हणायचा, "जेवण बराबर आहे साहेब, ताटात कण ठेवत नाहीत." मग डॉक्टरांनी चष्मा काढून सांगितलं की जेवण असून वजन उतरत असेल तर आत कुठे गाठ आहे का ते बघावं लागेल. त्या तपासणीची तारीख पुढच्या मंगळवारची होती. गाठ हा शब्द त्यानंतर घरात कोणी उच्चारला नाही. लेकरं शिकायला बाहेर, त्यांनाही फोनवर सांगितलं नाही. मी रोज सकाळी उठून ते ताट वाढायचे आणि मनात म्हणायचे, निदान जेवतात तरी.

जेवतात, हे मी कशावरून म्हणत होते, ते सांगायला हवं. आमच्या घरात सून सासऱ्यांसमोर जेवणाच्या वेळी थांबत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, ताट ठेवायचं, तांब्या-पेला ठेवायचा, पडदा ओढायचा आणि आत यायचं. काही लागलं तर ते खाकरतात. लग्न होऊन आले तेव्हापासून हे असंच आहे. कोणी मला हुकूम केला नव्हता, सासूबाई करायच्या ते मी उचललं. पूर्वी नवरा आणि सासरे ओसरीवर बरोबर जेवायचे. झटक्यानंतर त्यांनीच सांगितलं, मी लवकर जेवत जाईन, तुम्ही मागून जेवा. म्हातारं माणूस, औषधं असतात, आम्हाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. खाकरणं मात्र वाढलं होतं. मी पडद्याआडून विचारायचे, "मामा, पाणी देऊ?" पलीकडून आवाज यायचा, "न्हाई." मागायचे फक्त चहा. दिवसातून कितीदा तरी चहा, त्यात बुडवलेला टोस्ट.

असो. तर रविवार.

गावातल्या टेंपोवाल्या चाचांना दोन बोकड घेऊन त्याच प्रदर्शनाला जायचं होतं, म्हणून माझी सोय झाली. चाचा सासऱ्यांच्या वयाचे. दोघं तरुणपणी एका तालमीत होते, असं म्हणतात. मला ते कधी सूनबाई म्हणतात, कधी बेटी. बोकड मागे, मी पुढे, कुत्री माझ्या पायाशी. तिला नवा पट्टा घातला होता, तो तिच्या मानेला घट्ट होत होता. जुन्या मापाने आणला होता.

"सूनबाई, कुत्रीला नवरीसारखी न्हाऊ घातली का वं?" चाचा म्हणाले. "माज्या बोकडाला तर मी तोंडबी धुवू दिलं न्हाई."

"तुमच्या बोकडाचा वास सांगूनच राहिला."

"बोकडाचा वास हीच त्याची सनद, बेटी." मग थोडं पुढे गेल्यावर हळू आवाजात, "तुजा सासरा लई वाळला. मी परवा हात धरला तर काडी. काय म्हणते डाक्टर?"

"मंगळवारी तपासणी आहे."

त्यांनी गिअर बदलला. रस्ता खराब होता. मला झोप येत होती, आणि कुत्रीचं डोकं माझ्या गुडघ्यावर दगडासारखं जड लागत होतं.

प्रदर्शन गावाबाहेरच्या माळावर होतं. एका बाजूला बैल, एका बाजूला शेरडं, आणि मंडपाच्या मागे, जिथे सावली नव्हती तिथे, कुत्री. पांढऱ्या फक्कीने एक गोल आखला होता. गोलाच्या कडेला खुंट्या ठोकून कुत्री बांधलेली. वसमतहून कोणी गाडीतून लांब केसांचं पांढरं कुत्रं आणलं होतं, त्याला ऊन लागत होतं म्हणून त्याच्यावर छत्री धरली होती. एक तगडं काळं कुत्रं आल्याआल्या झोपलं आणि शेवटपर्यंत उठलं नाही. बाकी सगळी कारवानी, फेटेवाल्यांच्या हातात, सुतळीने, दोरीने, एक तर चक्क फाटक्या उपरण्याने बांधलेलं. बाई मी एकटी.

टेबलापाशी नाव लिहून घेणारा तरुण होता.

"ताई, मालक कुठं हायेत?"

"वावरात."

"मग कुत्रं कोण धरणार?"

"मी धरूनच उभी आहे की."

त्याने वर पाहिलं. "बरं. कुत्रीचं नाव काय?"

नाव नव्हतं. आमच्याकडे कुत्र्याला नाव ठेवण्याचा प्रघात नाही. "नाव न्हाई. यू यू म्हटलं की येते."

त्याने तसंच लिहिलं. थोड्या वेळाने भोंग्यावरून पुकारा झाला, "आता मैदानात येऊन राहिली हाये यू यू! यू यू!" आणि माळावरची निम्मी मोकाट कुत्री शेपट्या हलवत मंडपाकडे धावली. लोक हसून हसून वाकले. मला हसायचंही जिवावर आलं होतं. मी आपली तिला घेऊन गोलात गेले.

शेजारी एक मिशीवाला गडी होता. त्याचं कुत्रं म्हणजे नुसता धनुष्याचा वाक. त्याने माझ्या कुत्रीकडे पाहून घेतलं, मग माझ्याकडे.

"वैनी, ही कारवानी हाये का म्हशीची वगार?"

"वगार असती तर उद्या दूध तरी दिलं असतं. तुमचं काय देतं?"

त्याचे सोबती खिदळले. "बस आता खाली," एक जण त्याला म्हणाला.

परीक्षक एक म्हातारे गृहस्थ होते, जनावरांचे डॉक्टर, नोकरीतून रिटायर झालेले. डोक्याला टोपी, पायात कॅनव्हासचे बूट. गडबड नाही, बडेजाव नाही. प्रत्येक कुत्र्यापुढे उकिडवे बसायचे, दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे, मालकाशी दोन वाक्यं बोलायचे. माझ्याजवळ आले तेव्हा त्यांनी कुत्रीचं डोकं दोन्ही हातात धरलं, छाती मापली, मागचे पाय पाहिले.

"हाड अस्सल आहे," ते म्हणाले. "हल्ली असं डोकं बघायला मिळत नाही. कोणी निवडली?"

"माझ्या सासऱ्यांनी."

"त्यांना नजर आहे." मग त्यांनी बरगड्यांवर बोटं दाबली, पुन्हा दाबली. "पण बाई, हिला किती खाऊ घालता? खाल्लेलं नको तितकं अंगी लागलंय."

"रात्रीची एक भाकर. कधी ताक."

"एका भाकरीवर कारवानी अशी होत नाही."

"एकच घालते साहेब. मीच घालते."

"मग दुसरं कोणी घालतंय. दोन वेळा, आणि तेही तुपातलं." त्यांनी तिची हनुवटी वर केली. "हे पिवळं काय?"

"हळद असेल. आमच्याकडं हळद असते."

"काढणी झाली तुमची?"

"न्हाई. अजून..." मी म्हटलं आणि थांबले. आमची हळद अजून जमिनीत होती. मागच्या वर्षीची पोती केव्हाच बाजारात गेली होती. आणि कुत्री तर सासऱ्यांच्या खाटेखालून दिवसभर हलत नव्हती.

डॉक्टर पुढच्या कुत्र्याकडे गेले. मी गोलातच उभी राहिले. त्या क्षणी सगळं कळलं असं मी म्हणणार नाही. ऊन होतं, तहान लागली होती, सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. एवढंच वाटलं की काहीतरी हिशेबात बसत नाही.

बक्षिसं व्हायला वेळ होता. चाचांचे बोकड पाहून झाले होते, आम्ही टेंपोच्या सावलीत बसून डबा सोडला. मी स्टीलच्या ताटलीत भाकरी मोडली, त्यावर वरण ओतलं. बाकीची कुत्री अशा वेळी काय करतात? शेपूट हलवतात, लाळ गाळतात, भोवती फिरतात. ही शांतपणे उठली. माझ्या डाव्या बाजूला आली. खाली बसली. हनुवटी अलगद माझ्या डाव्या गुडघ्यावर ठेवली आणि तोंड थोडं उघडून वाट पाहत राहिली. मी गंमत म्हणून डाव्या हाताने एक घास पुढे केला. तिने तो बोटांना दात न लावता ओठांनी उचलला, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. हनुवटीला वरण लागलं, तसंच पिवळं.

चाचांचा घास हातात राहिला.

"या अल्ला," ते म्हणाले. "ही तर पंगतीला बसल्यासारखी बसली, सूनबाई. कोण भरवते हिला?"

आमच्या घरात डाव्या हाताने जेवणारं एकच माणूस होतं.

मी दुसरा घास दिला नाही. ताटली खाली ठेवली. मला चाचांना सांगावं लागलं नाही, त्यांचं त्यांनाच कळलं. 

"दात तर हायेत त्याचे," ते म्हणाले.

"दात आहेत."

"मग?"

"गिळता येत नसेल. न्हाईतर सांडत असेल. कोणी बघू नये म्हणून." हे बोलताना मला ते खाकरणं आठवलं. पडद्याआडून. मी पाणी देऊ का विचारायचे ते.

"बेटी, त्याला काही बोलू नको," चाचा म्हणाले. "शरमिंदा व्हईल. तालमीतला गडी हाये तो. आम्ही एका बैठकीला भाकरीची चवड संपवायचो."

"बोलत न्हाई," मी म्हटलं. "पण असं मरू बी देत न्हाई."

संताप आला होता, खोटं का सांगू? कुत्रीवर नाही, त्यांच्यावरही नाही. रोज पहाटे उठून थापलेल्या त्या भाकरींवर, नांदेडच्या त्या बाकड्यांवर, रात्रीच्या जागरणांवर. गाठ, गाठ म्हणून जीव टांगणीला लावून बसलो होतो आणि माणूस नुसता उपाशी होता. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण इतकी दमले होते की तेवढंही जमलं नाही.

बक्षीस अर्थातच मिशीवाल्याच्या धनुष्याला मिळालं. चाचांच्या बोकडाला दुसरं. मग कमिटीच्या अध्यक्षांना वाटलं की बाई एकटी आली आहे, तिला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं? भोंग्यावरून पुन्हा "यू यू" पुकारलं, पुन्हा मोकाट कुत्री धावली. माझ्या खांद्यावर शाल आणि हातात नारळ दिला. कुत्रीच्या गळ्यात झेंडूचा हार घातला, त्यातली दोन फुलं तिने तिथेच खाल्ली. डॉक्टर टाळ्या वाजवत होते. मी मंचावरून उतरताना ते म्हणाले, "तिचं खाणं तोडा."

"आजपासून तुटलं," मी म्हटलं.

परत आलो तेव्हा उन्हं कलली होती. सासरे ओसरीवर खाटेवर बसले होते, सकाळी मी बसवून गेले तसेच. दुपारचं ताट खाली होतं. ते मात्र जसंच्या तसं, झाकलेलं. जेवणारी माझ्याबरोबर माळावर होती.

"भूक... न्हवती," मी ताटाकडे पाहिलं तसं ते म्हणाले.

"बरं."

"काय... झालं?"

"हाड अस्सल आहे म्हणाले डॉक्टर. असं डोकं बघायला मिळत न्हाई म्हणाले. ज्यानं निवडली त्याला नजर आहे म्हणाले."

त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. किती महिन्यांनी.

"नंबर?"

"न्हाई आला. लठ्ठ निघाली, मामा. खाणं जास्त झालं म्हणाले."

हसू गेलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. कुत्री हारासकट खाटेखाली जाऊन बसली. मी नारळ देवापुढे ठेवला आणि चूल पेटवली.

संध्याकाळी नेहमीसारखं ताट नेलं. पदर घेतला, तांब्या ठेवला, पडदा ओढला. आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी आत न जाता पडद्याच्या फटीपाशी उभी राहिले. मला खात्री करून घ्यायची होती. अंदाजावर माणसाचं जेवण बदलता येत नाही.

त्यांनी डाव्या हाताने घास केला, लहानसा. तोंडात घातला. बराच वेळ चावला. मग तोंडाच्या लुळ्या बाजूने वरण ओघळलं, हनुवटीवरून सदऱ्यावर. त्यांनी ते घाईने गमछाने पुसलं आणि पडद्याकडे पाहिलं. गिळायला गेले तसा ठसका लागला. तेच खाकरणं. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. एरवी मी याच वेळी पडद्याआडून पाण्याचं विचारायचे. त्या दिवशी विचारलं नाही. ठसका थांबला. मग त्यांनी दुसरा घास केला, मोठा, आणि हात खाटेच्या डाव्या बाजूला खाली नेला. शेवटी ताटच खाली ठेवलं. चाटण्याचा आवाज आला.

नवरा वावरातून आल्यावर हातपाय धुताना त्याला सांगितलं. त्याने तोंडावरचं पाणी पुसलंच नाही.

"रोज?"

"रोजच असंल."

"आन आपण नांदेडला..." तो खाली बसला. "मी बोलतो आबाला. आत्ताच."

"काय बोलणार?"

तो अर्धवट उठला, पुन्हा खाली बसला.

"तुम्ही काही बोलू नका. सकाळी वावरात जा, हरभरा राहिलाय. मी बघते."

"तू काय बघणार? तू तर त्यांच्यासमोर..."

"म्हणूनच," मी म्हटलं.

सकाळी उठून मी भाकरी थापल्या नाहीत. ज्वारीच्या कण्या भिजत घातल्या होत्या, त्या मऊ शिजवल्या, इतक्या की पळीला धरून राहाव्यात पण चावाव्या लागू नयेत. त्यात दूध घातलं, चिमूटभर मीठ. कुत्रीला तिची अर्धी भाकर देऊन अंगणाच्या पलीकडे कडुलिंबाखाली बांधलं. तिने एकदा ओसरीकडे पाहून तक्रार केली, मग गप्प झाली. नांदेडच्या दवाखान्यात फोन लावला. उचलणाऱ्या मुलीला सांगितलं की मंगळवारी आम्ही येतो, पण डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा, पेशंट जेवत नाही, त्याला गिळता येत नाही, आम्ही सांगितलं ते चुकीचं होतं. तिने परत विचारलं. मी परत सांगितलं.

मग वाटी आणि चमचा घेऊन ओसरीवर गेले. पदर होता डोक्यावर, तो राहू दिला. वाटी त्यांच्या डाव्या हाताशी ठेवली, स्वच्छ गमछा मांडीवर टाकला. त्यांनी सवयीने खाली पाहिलं, खाटेखाली. तिथे कोणी नव्हतं. मग माझ्या जाण्याची वाट पाहू लागले.

मी गेले नाही. मेथीच्या जुड्या आणि परात घेऊन समोर भिंतीला टेकून खाली बसले.

"जा... तू," ते म्हणाले.

"आत उजेड न्हाई, मामा. मेथी निवडायचीय."

"मग... जेवतो."

"जेवा की. मी कुठं बघून राहिले?"

 वाटीतून वाफ येत होती ती कमी झाली. मी मान खाली घालून पानं खुडत राहिले. वाळू फार होती मेथीत. लिंबाखालून कुत्री एकदा कण्हली. मग चमचा वाटीला लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ठसका आला. मी वर न बघता म्हटलं, "हळू. घाई न्हाई." पुन्हा चमचा वाजला.

पहिली जुडी संपली. मी दुसरी सोडली.